मंगलचा पासवर्ड

चिंतामणरावांची सांगलीत औषधांची एजन्सी होती, मिरजेच्या दवाखान्यांना माल पुरवायची. पंच्याण्णव साली कुणीतरी त्यांचे दर फोडले आणि हातातोंडाशी आलेलं टेंडर दुसऱ्यानं पळवलं. तेव्हापासून दर कॉम्प्युटरात कुलूपबंद! कुलपाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकट्या मंगललाच ठाऊक. ती त्यांची ऑपरेटर.

आणि आज ऐन वेळेला मंगल कुठं? तर आटपाडीकडं, सासरच्या गावी, जत्रेला! सासूबाई रंगूबाईंनी बोलावलं होतं, ते काही नुसतं पुरणपोळी खायला नव्हे. "ल्योक तिकडं कलकत्त्याला, सून सांगलीत, आन् मी हितं भिताडाशी बोलू व्हय? सोड ती नोकरी, घरी ऱ्हा," असं सकाळीच सांगून झालं होतं. नोकरी म्हणजे मंगलचा जीव की प्राण. पण सासूच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?

दुपारी केरबाच्या एसटीडी बूथवरून निरोप आला, सांगलीचा फोन आहे. दोघी लगबगीनं गेल्या.

"मंगल, पाचच्या आत दराचा फॅक्स मुंबईला जायला हवा! पासवर्ड सांग!" चिंतामणराव एवढे ओरडत होते की बूथबाहेरच्या बायकाही गोळा झाल्या.

मंगलच्या तोंडचं पाणीच पळालं. पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं नाव! लग्नाला पाच वर्षं झाली, पण बाईनं ते नुसतं कधी उच्चारलं नव्हतं. आता सासूपुढं, गावापुढं घ्यायचं कसं? एकेक अक्षर सांगावं, तर तेही नावच की.

"काय म्हंत्यात सायेब?" रंगूबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, कुलपाचा शब्द मागत्यात. त्यो... तुमच्या ल्योकाचं नाव हाय."

"मग घ्या की वैनी उखाण्यात!" केरबा हसला. बायकांनीही "घे गं, घे" म्हणून गलका केला.

मंगलनं पदर सावरला. "सांगलीच्या बाजारात हळदीची रास..." एवढं म्हणाली आणि अडली. तिचा माणूस कलकत्त्याला, सोनं गाळायच्या दुकानात. चौदा महिने घरी आला नव्हता. नाव ओठापर्यंत आलं आणि रडूच फुटलं. लाज राहिली बाजूला, त्याची आठवणच अशी दाटून आली की पुढचा शब्द निघेना. केरबाचंही हसू मावळलं.

रंगूबाईंनी तिच्या हातातला रिसीव्हर घेतला. आईला कसली चोरी?

"मल्हार! लिवा सायेब, मल्हार. माझा ल्योक हाय त्यो!"

पलीकडं टकटक झाली. "उघडलं गं, उघडलं!" चिंतामणराव आनंदानं ओरडले, आणि फोन ठेवला.

परतताना रंगूबाई वाटेतच थांबल्या. "रोज लिवतीस त्येचं नाव?"

"रोज. सकाळी मशीन चालू केलं की पैलं त्येच."

रंगूबाईंनी पदरानं सुनेचे डोळे पुसले. "मी बी उठल्या उठल्या त्येचंच घेती गं. मला वाटायचं, मी एकलीच."

मग घसा खाकरून म्हणाल्या, "उद्या पैल्या यष्टीनं सांगलीला जा. ह्ये कुलूप आता गावभर झालं. बदलाय पायजे."

"आन् नोकरी, आत्याबाई?"

"नोकरी सोडल्यावर बदलणार कोन, मी?"

मंगल रडता रडता हसली. "मग नवं काय ठेवू? तुमचं नाव ठेवू?"

"काय बी ठेव," रंगूबाई चालू लागल्या, "पर मला सांगू नगंस. माझ्या पोटात कायबी ऱ्हात न्हाई."