क्रीमवाचून कपकेक

रेस्टॉरंटचं काचेचं दार ढकलून चिमणी आत येताना दिसली, तसा पैलवाननं कपकेकचा खोका पायानंच टेबलाखाली सरकवला.

"ती येणार हे मला सांगितलं नाहीस," दात आवळून ती मास्तरणीला म्हणाली.

"तिलाही सांगितलेलं नाही." मास्तरणीनं शांतपणे मांडीवर रुमाल पसरला. "पन्नाशी माझी आहे. दोघींनीही गुमान जेवायचं. तोंडं वाकडी करायची असतील तर घरी जाऊन करा."

पंचवीस वर्षं मुलांना गणित शिकवलं की माणूस वाढदिवसालाही असंच बोलतो.

चिमणी टेबलापाशी आली, पैलवानला पाहून थबकली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. तिघी शाळेतल्या मैत्रिणी; या दोघींची नावं तेव्हापासूनची. एकीचा आवाज बारीक म्हणून ती चिमणी. दुसरी वर्गातली बाकं एकटीनं उचलायची म्हणून पैलवान. पुढे दोघींनी मिळून बेकरी काढली आणि अठरा वर्षं चालवली. भाजणं पैलवानचं, क्रीम चिमणीचं. पैलवाननं कधी क्रीमच्या पिशवीला हात लावला नाही की चिमणीनं कधी ओव्हनचं दार उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या ऑर्डरच्या दिवशी चिमणीच्या आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. चिमणी तीन तास उशिरा आली. तोवर पैलवाननं रडकुंडीला येऊन, घामाघूम होऊन दोनशे कपकेकांवर स्वतःच क्रीम थापलं होतं. चिमणी दारात दिसताच ती बोलून गेली, "तुझ्यावाचून काही अडलं नाही."

चिमणीनं खुंटीवरचा आपला एप्रन काढला आणि ती निघून गेली. महिन्याभरात तिची आई वारली. आजही ते आठवलं की पैलवानला स्वतःची लाज वाटायची.

आणि आता खोक्यात सहा कपकेक होते, सगळे बोडके. दोन वर्षांत ती पिशवी काही तिच्या हाताला वळली नव्हती. आजकाल लोकांना कमी गोड आवडतं, असं ती गिऱ्हाइकांना तोंड भरून सांगायची. पण चिमणीसमोर खोका उघडला, की काय अडलं नि काय नाही ते तिला सांगावं लागणार नव्हतं.

वेटरनं चामडी मेनू हातात दिले. पदार्थांची इटालियन नावं इतकी लांब, की मास्तरीण ओळीवर बोट धरून वाचू लागली. शेवटी परातीएवढी प्लेट आली आणि तिच्या मधोमध सारण भरलेल्या पाच इवल्याशा रॅव्हिओली.

"पाच भागिले तीन," मास्तरीण म्हणाली. "बाकी उरल्या दोन. त्या वाढदिवसाच्या मुलीच्या."

चिमणीला हसू आलं. ते आवरत तिनं विचारलं, "बेकरी कशी चाललीय?"

"मस्त. श्वास घ्यायला फुरसत नाही. तुझं?"

"एका हॉटेलात आहे. केक कारखान्यातून तयार येतात, मी त्यावर फळं लावते."

"बरंय की."

"हो, बरंय."

पुढचा रिझोटो, म्हणजे चीज घातलेला मऊ भात, तिघींनी असा खाल्ला, जणू परीक्षेला बसल्या होत्या. वेटर गोडाचं विचारायला आला तेव्हा मास्तरीण म्हणाली, "गोड आम्ही आणलंय, तुमच्या मॅनेजरना विचारून." आणि ती टेबलाखाली वाकली.

"राहू दे," पैलवान घाईनं म्हणाली. "तिरामिसू मागवू."

"पाय काढ खोक्यावरचा."

पैलवाननं पाय काढला. खोका टेबलावर आला, झाकण उघडलं. तिचे कान तापले. चिमणीनं एक कपकेक उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. मग ती वेटरकडे वळली.

"एक वाडगाभर मस्कार्पोने चीज मिळेल? थोडी पिठीसाखर, आणि एक जाड, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी."

वेटरनं मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं मान हलवली. पाच मिनिटांत सगळं चकचकीत ट्रेमधून आलं. चिमणीनं बाह्या सारल्या, काट्यानं चीज आणि साखर फेटली, पिशवीत भरली आणि सुरीनं तिचं टोक उडवलं. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवण सोडून बघू लागले. पहिल्या कपकेकवर क्रीमचं फूल उमललं. पैलवाननं नकळत तो बाजूला घेतला आणि दुसरा तिच्या हाताखाली ठेवला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," ती म्हणाली.

"माहितीये."

"कसं?"

"तू थापलेले ते गोळे पाहिले होते मी."

मास्तरणीनं हसू लपवायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. पैलवानलाही हसू फुटणार होतं, पण चिमणी हसत नव्हती.

"आई गेली तेव्हा तू यायला हवं होतंस."

"आले होते. दारापर्यंत."

चिमणीचा हात थांबला. "मग?"

"बेल वाजवायचा धीर झाला नाही. जिना उतरून परत गेले. चुकलंच माझं."

चिमणीनं पुढचं फूल काढलं, ते जरा वाकडं झालं. तिनं ते पुसलं नाही. डोळे मात्र मनगटानं पुसले.

"बेकरीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे," मान वर न करता ती म्हणाली. "तू मागितली नाहीस."

"कुलूपही बदललं नाही," पैलवान म्हणाली आणि तिनं पुढचा कपकेक तिच्या हाताखाली सरकवला.