आई गातेय म्हणून

“आत्या, लवकर ये. आई गातेय!”

फोनवर माझ्या भाचीचा, मुंगीचा आवाज इतका दबका होता, की घरात कुणी गेलं की काय असंच वाटावं. आई गातेय म्हणून घाबरणारी पोर जगात दुसरी सापडायची नाही. पण मीही चपला सरकवून धावले. मुंगीच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला बायपोलरचा आजार. महिनोन्महिने ठीक असते. मग कधी अंथरूण सोडत नाही, तर कधी मन असं उधळतं की झोप नको, जेवण नको. गेल्या खेपेला सुरुवात गाण्यानेच झाली होती. शिवायला आलेले गिऱ्हाइकांचे पडदे कापून तिने अख्ख्या गल्लीला झगे शिवले होते.

दादा ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलेला. दारात दहा वर्षांची मुंगी, हातात शिलाई मशीनचा पट्टा.

“काढून ठेवलाय. कात्री पिठाच्या डब्यात लपवलीय.”

आत वहिनी जमिनीवर पडद्याचं कापड पसरून टाचण्या लावत होती आणि खरंच गुणगुणत होती.

“या ताई! कात्री गायब, पट्टा गायब. घरात भुताटकी झालीय बघा!”

मी तिचे डोळे पाहिले. शांत होते. तोवर मुंगी पुढे झाली.

“रात्री झोपलीस?”

“झोपले की. तूच उठवलंस ना सकाळी?”

“गोळी?”

“घेतली.”

“मग गातेस कशाला?”

वहिनीचा हात थांबला. तिला सगळं कळलं. आता ही रडणार किंवा पोरीवर खेकसणार, असं मला वाटलं. पण ती लेकीसमोर मांडी घालून बसली.

“पडदा छान जमला म्हणून गातेय. साधा आनंद आहे गं.”

“ते कसं ओळखायचं?”

“मलाही दर वेळी ओळखता येत नाही. म्हणून तर डॉक्टर आहेत, बाबा आहेत, आत्या आहे. लक्ष ठेवायचं काम त्यांचं. मी आजारी पडते ती तुझ्यामुळे नाही. आणि तू पहारा दिलास म्हणून बरीही होत नाही.”

“परत झालं तर?”

“आत्याला सांग, आज सांगितलंस तसं. मग खेळायला जा.”

दवाखान्यात जखमा बांधण्यात माझा जन्म गेला. स्वतःची जखम कुणी पोटच्या पोरीला इतक्या सरळपणे उघडून दाखवलेली मी पाहिली नव्हती. आणि ती एवढीशी पोर नजर न चुकवता बघत होती! मी थक्क होऊन दाराशीच उभी राहिले.

मुंगीने पट्टा दिला. कात्री पिठासकट आणली. मग पसरलेल्या कापडावर “जरा पडते” म्हणत आडवी झाली आणि तोंड उघडं टाकून झोपलीसुद्धा.

पडदे संध्याकाळी द्यायचे होते. तिला उचलायला मी वाकले, तर वहिनीने मानेनेच नको म्हटलं. मशीनकडे ती गेलीच नाही. सुईत दोरा ओवून तिने कापडाचं मोकळं टोक मांडीवर घेतलं आणि हातानेच काठ दुमडायला लागली.

गुणगुणणं चालूच होतं. मुंगी उठली नाही.