पित्ताशय ठणठणीत आहे

"लोकांना पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगू," नवरा म्हणाला.

तिने सुपाची वाटी खाली ठेवली. गेले बारा दिवस तिने नुसत्या पातळ पदार्थांवर काढले होते. चरबीने वाढलेलं यकृत थोडं आक्रसल्याशिवाय डॉक्टर पोटाला हात लावणार नव्हते. भुकेने डोकं ठणकत होतं.

"माझं पित्ताशय ठणठणीत आहे."

"अगं, पण लोक काय म्हणतील? खाऊन खाऊन फुगली आणि आता पोट कापून घेतेय?"

"म्हणू देत. गेली तीस वर्षं दुसरं काय म्हणतायत?"

त्याने ऐकलं नाहीच. तो तिच्याच कारखान्याच्या गेटवर कारकून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पित्ताचे खडे कारखानाभर पोचले होते.

एकोणीस वर्षं ती तिथली क्रेन चालवत होती. छताखालच्या केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया फुलासारख्या उचलून ठेवायची. वर जायला अडतीस पायऱ्यांची उभी शिडी. गेल्या वर्षी, एकशे एकतीस किलोंची असताना, विसाव्या पायरीवर तिचा दम संपला. धड वर जाता येईना, धड खाली. दोघांनी पाय धरून तिला एकेक पायरी उतरवलं, आणि साहेबांनी तिला स्टोअरच्या खिडकीत बसवलं. उपास, चालणं, गरम पाणी, सगळं करून झालं होतं. दहा किलो उतरायचे, बारा चढायचे. तिला बारीक दिसायचं नव्हतं. तिला तिची क्रेन परत हवी होती.

ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढला; उरलं ते केळ्याएवढं. सुरुवातीला पाण्याचा घोटसुद्धा घड्याळ बघून. एकदा घाईने दोन घास जास्त गेले, तर अर्धा तास मोरीत वाकून बसावं लागलं. चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. पण खरं जड गेलं ते वेगळंच. भूक गेली, खाण्याची आठवण जाईना. कामावरून आल्यावर भरलं ताट घेऊन निवांत बसायचं, हे तिचं एकमेव सुख होतं. एका दुपारी ती त्यासाठी हमसून हमसून रडली. मग तोंड धुतलं आणि चालायला गेली.

दहाव्या महिन्यात काटा शहाऐंशीवर आला. कारखान्याच्या डॉक्टरांनी क्रेनवर परतायला सही दिली. अडतीस पायऱ्या ती दोनदा थांबून चढली.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी तिला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं.

"बघा, याला म्हणतात निग्रह! खड्यांचं निमित्त झालं आणि ताईंनी जिभेला लगाम घातला."

टाळ्या पडल्या. कोपऱ्यातून नवरा डोळ्यांनीच विनवत होता.

"साहेब, लगाम तर मी तीस वर्षं घालत होते. दर वेळी तुटला," ती म्हणाली. "खडेबिडे काही नव्हते. वजनासाठी पोट कापून घेतलंय मी."

टाळ्या विरल्या. मागून एक वेल्डर हसला, "म्हणजे शॉर्टकट की!"

"हो का? मग ये की तूही याच रस्त्याने. चार घासांत पोट भरतं, आणि तेही जन्मभर सांभाळून. जमेल?"

वेल्डर पुन्हा जेवायला लागला. नवरा अर्धं ताट तसंच टाकून निघून गेला. तिने त्याला हाक मारली नाही. आपला डबा उघडून बाकावर बसली.

थोड्या वेळाने रंगखात्यातली बाई समोर येऊन टेकली. अंगाने चांगली भरलेली, सगळे तिला 'टाकी' म्हणत. आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "फार दुखतं का हो?"

"दुखतं."

"आणि नंतर?"

"नंतर वेगळं दुखतं. मोठ्याने विचारा हो, आपण काही चोरी नाही केली."

ती बाई हसली. मग खरंच मोठ्याने विचारत सुटली.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बाकं रिकामी झाली. दारातून साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने मान डोलावली. शेवटचा घास तोंडात होता. तो नीट, बारीक चावूनच गिळायचा होता. ती चावत राहिली.