चुन्यातले हात

थोरलीचा जीव दगडात. जुन्या इमारती जपायचं काम शिकवता शिकवता तिचे केस पांढरे झाले, पण पहिल्या तासाचं वाक्य कधी बदललं नाही: "आधी दगड मोकळा करा, मग तोंड उघडा." तिलाही तसंच शिकवलं गेलं होतं. त्या काळी गुरूने चुन्याला मळ म्हटलं की तो मळच. विचारायची सोय नव्हती.

धाकटी तिची सख्खी बहीण, पण कामाने चुनेवाली, जुने गिलावे जपणारी. दोघी जेवायला बसल्या तरी वाद ताटात यायचा.

"ताई, तू माणसाचीसुद्धा आधी कातडी काढशील."

"आणि तू त्याला गिलावा करशील!"

त्या सकाळी दोघी एकाच तपासणीला आल्या होत्या. जुन्या सभागृहाची लांबलचक भिंत, चुन्याच्या थरांनी फुगलेली. कोपऱ्यात एक पोपडा निघाला होता आणि आत दगडात कोरलेलं पाऊल दिसत होतं, अगदी नखांसकट. त्या पावलाने थोरलीची झोप उडवली होती. पाऊल आहे म्हणजे वर माणूस असणार, आणि पुढे सगळी रांग असणार! ती बघायला आपल्याला अशी किती वर्षं उरली आहेत? परांची बांधून तयार होती, शिकाऊ मंडळी छिन्न्या घेऊन उभी होती. खरवडायचं की नाही, हे थोरलीच्या एका शब्दावर होतं.

"शब्द द्यायच्या आधी खिडक्या लावू दे," धाकटी म्हणाली.

"का गं? भिंतीला झोपवतेस?"

"लावू दे म्हणते ना!"

खिडक्या लागल्या. अंधारात धाकटीने बॅटरी भिंतीला टेकवून धरली आणि उजेड आडवा सोडला.

सपाट पांढरी भिंत एकदम उठून आली. चुना कुंचल्याने नव्हे, तळव्यांनी सारवला होता. जिथवर उजेड जाईल तिथवर हातच हात. रुंद हात, बारीक हात, एक बोट तुटलेला हात. एकाचा फराटा संपतो तिथून दुसऱ्याचा सुरू. जणू अख्खं गाव नुकतंच हात धुवायला बाहेर गेलं होतं.

मागची पोरं टाचा उंचावून बघू लागली.

थोरली हळूहळू पुढे सरकली. एके जागी ती थबकली. तिच्या डोक्याच्याही वर एक इवलासा पंजा उमटला होता.

"धाकटे, हे बाळ इतकं वर कसं गेलं गं?"

"कसं जाणार? कुणीतरी उचललं असेल."

कुणीतरी काम थांबवून, कडेवरचं पोर उंच धरून म्हटलं असेल, लाव, तूही लाव. थोरली बघतच राहिली. डोळे भरले तरी तिने पुसले नाहीत, पुसताना तेवढंही बघायचं राहील म्हणून.

"छिन्न्या ठेवा," ती अखेर म्हणाली. "परांची सोडा."

"बाई, आणि आतली रांग?" एका मुलीने विचारलं.

"ती राहील आत."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तुला ती बघायला मिळणार नाही."

"माहीत आहे मला. पाऊल पाहिलंय, बाकीची रांग मी मनाने चालवीन." तिने पदर खोचला. "तू बॅटरी हलवू नकोस. पोरांनो, एकेक जण या. आणि हात मागे बांधून बघा."