नको म्हणायचं बटण

पडद्यावर दोनच बटणं होती. एकावर लिहिलं होतं, 'आत्ता अपग्रेड करा'. दुसऱ्यावर, 'नंतर आठवण करा'. 'नको' असं बटणच नाही! दारात वर्तमानपत्राची वर्गणी मागायला येणाऱ्याला मी नको म्हणू शकते, देवळाच्या समितीला म्हणू शकते, पण माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर बसलेल्या कॉम्प्युटरला नको म्हणायची मला सोय नाही. वर मानभावीपणाने लिहिलं होतं, 'आपल्या या कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा आधार १४ ऑक्टोबरला संपला आहे. इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभारी आहोत.'

माझा आधार फेब्रुवारीतच संपला होता. तेव्हा कुणी पडदाभर पाटी लावली नव्हती.

हा कॉम्प्युटर शिगेयुकीचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. इथे ओकाया शहरातच, भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं तपासनिसाचं काम केलं. कॉम्प्युटरवर ते एरवी फारसे बसत नसत, पण थंडी पडायला लागली की ठाण मांडून बसायचे. नववर्षाची पत्रं, म्हणजे पोस्टकार्डं, छापायचा एक प्रोग्राम त्यांच्याकडे होता, कॉम्प्युटरपेक्षाही जुना. त्यात एकशे अठरा घरांचे पत्ते, कुठल्या वर्षी कुणाचं पत्र आलं आणि कुणाला गेलं याच्या खुणा, आणि प्रत्येक नावाखाली 'शेरा' म्हणून एक रिकामा रकाना. बाकीचे लोक तो रिकामाच ठेवतात. आमच्या तपासनिसाला रिकामी जागा बघवायची नाही.

घरात कुणी गेलं की त्या वर्षी आपण नववर्षाचं पत्र पाठवत नाही, आणि आपल्यालाही कुणी पाठवू नये म्हणून नोव्हेंबरातच शोकपत्रं टाकायची असतात. लोकांनी नववर्षाची पत्रं लिहायला घेण्याच्या आत ती पोचली पाहिजेत. अंत्यविधी आम्ही घरच्या घरीच उरकला होता, त्यामुळे एकशे अठरांपैकी निम्म्यांना तर ते गेल्याचं माहीतही नव्हतं. तेव्हा मला तो प्रोग्राम हवा होता, आणि तो उघडायला गेले की ही पाटी आडवी यायची.

कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातल्या त्सुचियांना बोलावलं. आमच्या घरातला प्रत्येक दिवा त्यांनी लावलाय. ते आले, सपाता घातल्या, कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या दुलईच्या टेबलात, पाय घातले आणि आधी माझं नोझावानाच्या पाल्याचं लोणचं संपवलं.

"काकू, अपग्रेड फुकट आहे. दीड तासाचं काम. तुमचे फोटो, पत्रं, सगळं जिथल्या तिथे राहील."

"आणि हा प्रोग्राम?"

त्यांनी माऊस इकडेतिकडे फिरवला आणि मान हलवायला लागले. डॉक्टर अशी मान हलवतात तेव्हा मला धडकी भरते.

"हा बनवणारी कंपनी कधीच बुडाली, काकू. नव्या सिस्टिमवर हा उघडत नाही. माझ्या दोन गिऱ्हाइकांना हा अनुभव आलाय. पण घाबरू नका, नावं आणि पत्ते काढून देतो मी दुसऱ्या प्रोग्रामसाठी."

"शेरे?"

"कसले शेरे?"

मी त्यांना दाखवले. ते पुटपुटत वाचायला लागले. 'ओगुची: बायको २०१४ मध्ये गेली. "तुम्हा उभयतांना" असं लिहू नये.' 'निशिझावा: मुलाच्या परीक्षेबद्दल विचारू नये. स्वतः सांगितलं तरच.' 'फुसाए: अक्षर मोठं ठेवावं. चष्मा लागलाय, कबूल करत नाही.' फुसाए म्हणजे माझी नणंद. त्सुचिया हसले, मग त्यांना स्वतःचं नाव सापडलं. 'त्सुचिया: बिल द्यायला विसरतो. आठवण करावी, पण बायकोसमोर नको.'

"बाप रे," ते म्हणाले आणि पुन्हा माऊस फिरवायला लागले. "नाही काकू. हा रकाना निघत नाही. नावापासून पिनकोडापर्यंत सगळं येतं, शेरा येत नाही."

"म्हणजे जे कुठल्याही टेलिफोन डायरीत मिळेल ते येणार, आणि जे फक्त त्यांनाच माहीत होतं ते जाणार?"

"मी नाही केलं हो ते!" त्सुचिया म्हणाले. "पण इंटरनेट चालू ठेवून जुन्याच सिस्टिमवर बसणं म्हणजे दार उघडं टाकून झोपण्यासारखं आहे. उद्या कुणी घुसलं तर मला बोलायचं नाही."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. काझुमा नागोयाला असतो आणि फोनवर कायम जिना चढत असल्यासारखा बोलतो.

"आई, त्सुचियांनी सांगितलं मला. मी महिनाअखेरच्या शनिवारी येतो आणि अपग्रेड करून टाकतो. तू काही करू नकोस."

"मी काय करणार आहे? मला तर बटणंसुद्धा मोजून दोन दिलीत."

"आई, अगं जुना डेटा आहे तो. बाबा असते तर त्यांनीही अपग्रेडच केलं असतं."

मी फोन ठेवला. बाबा असते तर! मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं म्हणणं घालायचं, म्हणजे उलट बोलायला तो नाही. जुना डेटा म्हणे! बेचाळीस वर्षं मी ज्या माणसाबरोबर जेवले, त्याने मला तरी कधी सांगितलं का, ओगुचींची बायको गेल्याचं त्याला इतकं लागलंय? सांगितलं नाही. या रकान्यात लिहून ठेवलं. ते दीड तासात पुसायला हा शनिवारी येणार होता.

मग मीही पेटले. याच्या शनिवारच्या आत पत्रं छापून मोकळी होते, म्हटलं. मागच्या बाजूचा मजकूर छापखान्यातून आणून ठेवलाच होता. राखाडी चौकट, आत लिहिलेलं, 'माझे पती शिगेयुकी यांचे गेल्या फेब्रुवारीत वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निधन झाले. त्यामुळे नववर्षाच्या शुभेच्छांचा शिरस्ता यंदा पाळता येणार नाही.' आता पुढच्या बाजूला पत्ते तेवढे छापायचे. सकाळी कॉम्प्युटर लावला, पाटी आली, 'नंतर आठवण करा'वर बोट आपटलं आणि बसले. प्रत्येक पत्र हातात घेऊन तपासलं. पिनकोड बघितला, नावातली अक्षरं बघितली, कुणाचं घर बदललंय का तेही बघितलं. एकशे अठरांत एक चूक नाही. दुपारी सगळा गठ्ठा पेटीत टाकला आणि येताना स्वतःसाठी गोड बन घेतला.

सोमवारी फुसाएचा फोन आला. आमच्या ह्यांची धाकटी बहीण, वय एकाहत्तर, जिभेला हाड नाही.

"वहिनी, दादाचं पत्र आलंय."

"कुठल्या दादाचं?"

"आपल्याच. तो वारलाय असं त्याने मला स्वतः कळवलंय. सवडीने कळवलं म्हणायचं, नऊ महिने झाले."

मी म्हटलं, चष्मा लाव. ती म्हणाली, चष्मा लावूनच बघतेय, आणि मला चष्मा लागलाय हे तुला कुणी सांगितलं? मी आधी चाचणीला म्हणून छापलेलं एक पत्र ओढून पुढची बाजू बघितली. पाठवणाऱ्याच्या जागी, डाव्या कोपऱ्यात, आमचा पत्ता आणि खाली दोन नावं होती. हिराबायाशी शिगेयुकी. नोबुको.

शोकपत्र छापायच्या आधी गेलेल्याचं नाव पाठवणाऱ्यातून काढायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. एकशे अठरा वेळा ती दोन नावं माझ्या डोळ्यांखालून गेली आणि एकदाही खटकली नाहीत. इतकी वर्षं ती दोन नावं तिथेच एकाखाली एक उभी होती. त्यातलं एक काढायचं असतं हे माझ्या डोळ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मला इतकी लाज वाटली की फोन वाजला तरी तो लगेच उचलवेना. चौघांनी फोन केला. दोघांनी काही झालंच नाही असं दाखवून सांत्वन केलं, ते तर जास्तच लागलं. निशिझावांच्या बायकोने हळूच विचारलं, "आता घरात एकट्याच का? मुलगा जवळ नाही का?" म्हणजे म्हातारी भ्रमिष्ट झाली असं तिला म्हणायचं होतं. मी त्याच रात्री काझुमाला फोन लावला.

"ये शनिवारी. अपग्रेड कर, फेकून दे, काय वाटेल ते कर. मला तो कॉम्प्युटर डोळ्यांसमोर नको."

"म्हणूनच मी सांगत होतो ना, आई—"

"सांगत होतास. आता बोलू नकोस."

त्या शनिवारी सकाळी, काझुमा यायच्या तासभर आधी दारातली पेटी उघडली, तर आदल्या दिवशीचं टपाल पडलेलं होतं. त्यात एक साधं पत्र होतं, कुशिरोहून, आणि ते मला नव्हतं. वर जाड पेनाने लिहिलं होतं, हिराबायाशी शिगेयुकी यांस.

पाठवणारे मियासाका. आमचे हे आणि मियासाका कारखान्यात एकाच बाकावर बसायचे. सत्तावीस वर्षांपूर्वी मियासाका आपल्या गावी, पार उत्तरेला कुशिरोला गेले, आणि तेव्हापासून दर नववर्षाच्या पत्रात एकच ओळ यायची, 'यंदा नक्की भेटू.' आमच्याकडूनही तीच जायची. पत्र हातात घेऊन मी उभ्या उभ्या वाचलं.

'हिरा, पाठवणाऱ्याचं नाव बघितलं आणि मागची बाजू वाचली. दोनदा वाचली. भिंगांच्या पेटीतल्या चिठ्ठीवर तपासनिसाने आपलं नाव स्वतःच घालायचं, हा नियम तू शेवटच्या पेटीपर्यंत पाळलास. दुसऱ्या कुणाच्या सहीने ही बातमी आली असती तर माझा विश्वास बसला नसता.' खाली जरा जागा सोडून तीच जुनी ओळ होती. 'यंदा' लिहून त्यावर एक सरळ रेघ मारली होती. उरलं होतं, 'नक्की भेटू.'

मी ते देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढे ठेवलं, घंटी वाजवली आणि मनसोक्त रडले. फेब्रुवारीत लोक होते, चहा करायचा होता, तेव्हा जमलं नव्हतं.

मग कॉम्प्युटर लावला. पाटी आली. मी बटणांकडे बघितलंसुद्धा नाही. प्रोग्राम उघडून मियासाकांचा शेरा काढला. 'दरवर्षी "यंदा नक्की भेटू" लिहितो. आपणही तेच लिहावं.' आणि त्याखाली, बऱ्याच नंतरचं असावं, 'एकदा खरंच जायला हवं. नोबुकोला विमानाची भीती.'

आता मात्र मला संताप आला, आणि तो कंपनीचा नव्हता. माझी भीती! मला विचारलं का? सत्तावीस वर्षं हे दोन म्हातारे एकमेकांना 'नक्की, नक्की' म्हणत बसले, आणि खापर माझ्या डोक्यावर, तेही मला न सांगता! मी भीत होते, खरं आहे. पण हात धरून नेलं असतं तर गेले नसते का?

काझुमा आला तेव्हा मी टेबलाखाली वाकून इंटरनेटची वायर उपटत होते.

"आई! काय करतेस?"

"नको म्हणायचं बटण शोधत होते. ते इथे मागे आहे."

"अगं, तूच म्हणालीस ना फेकून दे म्हणून?"

"म्हणाले होते. आता नाही म्हणतेय. बाहेरून कुणी घुसेल म्हणून अपग्रेड करायचं ना? घे, दारच काढून टाकलं. हा आता कुठे जात नाही आणि याच्याकडे कुणी येत नाही. तुला माझ्याशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर दुसरा आण, तो दर आठवड्याला अपग्रेड कर, मी बघणारसुद्धा नाही."

त्याने ओठ आवळले. वाद घालायच्या आधी त्याचे बाबा असेच करायचे. मग पडद्याकडे बघून त्याने हळू आवाजात विचारलं, "माझ्याबद्दल आहे का त्यात काही?"

मी त्याचं नाव काढून खुर्ची सोडली. तिथे एवढंच होतं. 'काझुमा: फोनवर घाईत असतो. आपण आधी त्याचं ऐकून घ्यावं. आपलं सांगायचं राहिलं तरी चालेल.'

त्याने ते वाचलं. मग खाली पडलेली वायर उचलली, नीट गुंडाळली आणि कोटाच्या खिशात घातली. "चहा ठेवतो," म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. पुढची दहा मिनिटं आतून नुसता नळाचा आवाज येत होता.

मी पाठवणाऱ्याचा रकाना उघडला. पहिल्या ओळीवर गेले आणि शिगेयुकी हे नाव एकेक अक्षर करून काढलं. कुठल्या कंपनीच्या तारखेला नाही, माझ्या दिवशी आणि माझ्या हाताने. मग एका कोऱ्या कार्डावर मियासाकांच्या पत्त्याचं पत्र छापलं, कोपऱ्यात एकटीचं नाव असलेलं, आणि ते उलटं करून पेनाने लिहायला घेतलं.

'मियासाका, तुम्ही "यंदा" का खोडलंत? मी एप्रिलमध्ये विमानाने येतेय.'