मागच्या दोन सीट

पेन यान गावाबाहेरच्या चढावर बस थांबली आणि आयव्हन झिमरमनच्या कोबीच्या शेतात माणसं उतरली. काही त्याच्यासारखीच काळ्या टोपीची, जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथातली मेनोनाइट, काही तळ्याकाठचे द्राक्षबागाईतदार. सगळ्यांना परदेशी यंत्रं बघायची होती. यंत्रांचा व्यापारी लमार नोल्ट पुढे पुढे करत होता, आणि शेताचा मालक आयव्हन शिक्षा झाल्यासारखा त्याच्या मागून चालत होता.

त्याची बायको लोव्हिना पुदिन्याच्या चहाची किटली घेऊन बांधावर उभी होती. इटलीहून आलेलं ते रोपं लावायचं यंत्र आज सगळ्यांसमोर बिघडावं, असं तिला मनापासून वाटत होतं. असं वाटणं पाप आहे हेही तिला ठाऊक होतं, पण वाटत होतं त्याला काय करणार?

त्यांच्या जुन्या यंत्राला मागे दोन सीट होत्या. एकीवर ती, दुसरीवर तो. पुढे ट्रॅक्टरवर पोरांपैकी कुणीतरी. फिरत्या चिमट्यांत एकेक रोप ठेवत जायचं, लग्नापासून हेच. घरात आयव्हनच्या तोंडाला कुलूप असे. जेवला की झोपला. पण त्या सीटवर हात कामाला लागले की गडी बोलू लागायचा. पोरांची नावं तिथेच ठरली. थोरलीला भेटायला येणारा मुलगा बरा की उथळ, याचा निकाल तिथेच लागला. त्यांचं एक बाळ पाळण्यातच गेलं होतं. त्याच्याबद्दल आयव्हन जन्मात एकदाच बोलला, तेही तिथेच, फ्लॉवर लावताना.

गेल्या वर्षी लोव्हिनाची पाठ धरली ती सुटेचना. आयव्हन चकार शब्द बोलला नाही. सरळ लमारकडे गेला आणि हे यंत्र सांगून आला. ठेवायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

लमारनं आधी बांधापलीकडच्या द्राक्षाच्या ओळीत जर्मन यंत्र फिरवलं. ते घडाभोवतीची पानं अलगद काढत गेलं.

"माझ्या सासूपेक्षा हलक्या हाताचं आहे," एक बागाईतदार म्हणाला.

मग मंडळी कोबीकडे वळली. "हे रबरी चाकांवर आलं होतं," लमार म्हणाला. "आमच्या पंथात रबर चालत नाही. लोखंडी चाकं घातली, म्हणजे बाप्तिस्माच झाला म्हणा त्याचा."

लोक हसले. धाकट्या मुलीनं, मार्लीननं ट्रॅक्टर हाकला. यंत्र आपलं आपणच रोप उचलून मातीत बसवत निघालं. लोव्हिना डोळ्यांत तेल घालून खोट शोधत होती. एक रोप वाकडं पडेल तर शपथ.

"मग आता बायकोनं काय करायचं?" तोच बागाईतदार म्हणाला.

"केक करायचे," लमार म्हणाला. "आयव्हनचं पोट सुटेल, दुसरं काय."

पुन्हा हशा झाला. लोव्हिनाही हसली. पाहुण्यांसमोर रडता थोडंच येतं.

"आयव्हन, तूच सांग की लोकांना. कसं वाटलं?"

चारचौघांत बोलणं हे पाद्र्याचं काम, आयव्हननं ते कधी केलं नव्हतं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मी बायकोशी बोलतो ते त्या जुन्या यंत्रावर. घरात मला जमत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. शेजारचा वीव्हर आपल्या बुटांकडे बघत राहिला. लोव्हिनाचे कान तापले. इतक्या वर्षांत हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं, आणि सांगत होता कुणाला, तर बसभर परक्यांना.

"म्हणजे नको म्हणतोस?" लमारचा चेहरा पडला.

"हवंय. तिची पाठ गेलीय. मागे दोन सीट बसवून देशील का?"

"अरे बाबा, सगळं यंत्रच करतं. सीटवर बसून करायचं काय?"

"काही नाही," आयव्हन म्हणाला. "बसायचं. पाठीला टेकू असलेल्या बघ."

लोव्हिनानं किटली खाली ठेवली.

"आणि अगदी जवळजवळ बसव, लमार," ती म्हणाली. "हा फार हळू बोलतो."