मास्तरच्या पगारातला तिसरा हिस्सा

मी गल्ला बोलतोय. रंगाच्या दुकानातला, काउंटरखाली बसणारा. ओढला की घंटी वाजायची, तो. आता माझी घंटी वाजत नाही. का, ते सांगतो, पण सावकाश. घाईत सुटे मोजले की कुणीतरी नाराज होऊन जातंच.

मला एका सुताराने जुन्या दरवाजाच्या लाकडातून बनवलं. पुढे नोटांचे कप्पे, मध्ये चिल्लरीच्या गोल वाट्या, आणि सगळ्यात मागे झाकण असलेला एक खोल कप्पा. तो शेठनी मुद्दाम करून घेतला. सुताराला म्हणाले, "दुसऱ्याचे पैसे वेगळे ठेवायला जागा हवी बाबा. आपल्यात मिसळले की आपलेच वाटायला लागतात." किती शहाणा मालक मिळाला, म्हणून मी तेव्हा खूश झालो होतो.

आणि शेठ वाईट नव्हते हो. शाळा फार शिकले नव्हते, पण बेरीज ओठावर. एकदा एक बाई ब्रश घेऊन सुटे न घेताच निघून गेली, तर शेठ काउंटरवरून उडी मारून तिच्यामागे पळाले. ही गोष्ट त्यांनी इतक्या जणांना सांगितली की तो रस्ता दरवेळी थोडा लांब होत गेला. सुरुवातीला कोपऱ्यापर्यंत पळाले होते. शेवटी शेवटी गाव ओलांडलं.

दुकानात रंग मिसळायला एक माणूस होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. गिऱ्हाईक भिंतीचा टवका आणो, कपड्याचा तुकडा आणो, मास्तर एकदा बघायचा, यंत्राची बटणं दाबायचा, डबा हलवायचा आणि झाकण उघडून म्हणायचा, "घ्या तुमचं." एकाने तर वांगं आणलं. म्हणे, बैठकीच्या खोलीला हाच रंग पाहिजे.

"वरचा की कापल्यावर आतला?" मास्तर म्हणाला.

गिऱ्हाईक हसलं आणि दोन डबे जास्त घेऊन गेलं. असला माणूस दुकानात असला की गल्ल्यालाही मजा येते.

पण दुकानातली हुशारी त्याने घरी कधी नेली नाही. बायको आणि मुलगी सोडून हा वेगळा राहायला गेला होता. मुलीसाठी दर महिन्याला अमुक इतकी पोटगी द्यायची, असं कोर्टाने ठरवून दिलं होतं. हा देत नव्हता. बायकोचा फोन आला की म्हणायचा, "देतोय ना, पाठवतोय, शप्पथ," आणि फोन ठेवून डिलिव्हरीवाल्याला डोळा मारायचा. "कोर्ट काय माझ्या खिशात हात घालणार आहे?"

कोर्टाने खिसा सोडला आणि थेट माझ्यातच हात घातला. एके दिवशी शेठच्या नावाने लिफाफा आला. मास्तरच्या पगारातला तिसरा हिस्सा दुकानानेच कापायचा आणि कोर्टाच्या कार्यालयात भरायचा. तिथून तो मुलीच्या आईकडे जाणार. शेठनी कागद दोनदा वाचला.

"अरे मास्तर, पोरगी तुझी आणि हुकूम मला?"

मास्तरचा चेहरा उतरला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "शेठ, पगार कमी दाखवा ना. वरचे हातात द्या. कुणाला कळतंय?"

"माझ्या दुकानात दोन नंबरचं काही होत नाही," शेठ म्हणाले. "बापाने पोरीला सांभाळायलाच पाहिजे. मी कापणार."

मला अभिमान वाटला. माझी घंटी त्या दिवशी जरा जोरातच वाजली असेल.

पगाराच्या दिवशी शेठनी मास्तरसमोर नोटा मोजल्या, तिसरा हिस्सा बाजूला काढला आणि मागच्या कप्प्यात ठेवून झाकण लावलं. मास्तरने डोळ्यांनी पाहिलं. रागावला, पाय आपटत गेला. पण पुढच्या महिन्यात राग कमी होता, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तर गंमतच झाली. हातात न येता गेलेल्या पैशांचं त्याला दुःखच होईना. उलट मान वर करून चालायला लागला. डिलिव्हरीवाल्याला सांगायचा, "पोरीच्या शिक्षणाचं माझ्या पगारातून जातं हां." माणसांचं मला नेहमी नवल वाटतं. जबरदस्तीने करायला लावलेल्या चांगुलपणाचाही त्यांना गर्व होतो. पण त्या गर्वातूनच तो हळूहळू बाप व्हायला लागला, हेही खरं. मुलीला निरोप पाठवला. मुलगी रविवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर त्याला भेटायला यायला तयार झाली. मास्तरने त्यासाठी नवा शर्ट घेतला. शनिवारी तोच दाखवायला दुकानात घालून आला आणि त्यावर पिवळा रंग सांडू नये म्हणून दिवसभर यंत्रापासून हातभर लांब उभा राहिला.

आता मागच्या कप्प्याचं सांगतो.

पहिल्या महिन्याचे पैसे त्यात होते तेव्हाच रंगाच्या डब्यांची गाडी आली. गाडीवाल्याला रोख पाहिजे होते, पुढच्या कप्प्यात थोडे कमी पडले. शेठनी मागचं झाकण उघडलं. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," ते पुटपुटले. कुणाला सांगत होते देव जाणे. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी पैसे परत आले नाहीत. पुढचा हिस्सा आला, तोही कुठल्याशा बिलात गेला. एकदा जावयाच्या स्कूटरच्या हप्त्यात गेला. व्यापारी माणसाला पडून असलेला पैसा बघवत नाही. तो फिरवला नाही तर त्याच्या अंगाला खाज सुटते. काही महिन्यांनी शेठनी मागचं झाकण उघडणंही सोडलं. मास्तरला कापून उरलेला पगार द्यायचे, आणि कापलेले पुढच्याच कप्प्यात राहायचे, गिऱ्हाइकांच्या नोटांत मिसळून. शेठच्या डोक्यात एक वेगळाच हिशोब बसला होता. कापले म्हणजे दिले. मास्तरच्या हातात गेले नाहीत ना? मग झालं की. कोर्टात भरणं हे एक लहानसं काम तेवढं राहिलं होतं, आणि लहान कामाला कोण घाबरतं?

एका सोमवारी मास्तर तोंड पाडून आला.

"शेठ, पोरीची आई म्हणते पैसे येत नाहीत. पोरीच्या देखत म्हणते. किती खोटं बोलावं माणसाने?"

शेठ रंगाचे कॅटलॉग नीट लावत होते. "अरे, कोर्टाचं काम ते. वरती कुठेतरी अडकलं असेल. साचतं आणि मग एकदम येतं. तू सांग तिला."

मास्तरने सांगितलं. पुढच्या सोमवारी तोंड आणखी पडलेलं. मुलीने विचारलं होतं, "पावती आहे?"

आता आमच्या दुकानाची एक रीत तुम्हाला कळायला हवी. गिऱ्हाइकाला पावती मिळायची. दुकानाच्या माणसाला नाही. उचल असो, पगार असो, कपात असो, सगळं शब्दावर. शेठ म्हणायचे, "घरात कुणी पावती मागतं का?" नोकरांनाही त्यात आपलेपणा वाटायचा. पावती मागणं म्हणजे शेठच्या तोंडावर त्यांना चोर म्हणणं. मास्तर किती दिवस काउंटरपाशी यायचा, डबा पुसायचा आणि जायचा. शेवटी एकदा गिऱ्हाईक नसताना बोलला.

"शेठ, ते कोर्टात भरता त्याची काही चिठ्ठी असते का? पोरीला दाखवायला. मला नको, मला भरवसा आहे."

शेठनी चष्मा काढला. खरोखर दुखावले होते, नाटक नव्हतं. हेच तर वाईट.

"मास्तर. एका बाईचे सुटे द्यायला मी कुठपर्यंत पळालो होतो, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे शेठ."

"आणि तू मला विचारतोस?"

"चुकलं शेठ. पोरगी लहान आहे, कळत नाही तिला."

मग मास्तर बाहेर गेला आणि शेठसाठी स्वतःच्या पैशाने चहा घेऊन आला. शेठनी तो प्यायला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण लाकडाचे आहोत ते बरं आहे.

काही आठवड्यांनी मुलीची आईच दुकानात आली. मुलगी सोबत. आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. बोटांच्या टोकांना सुयांची भोकं, पण नजर सुईहून बारीक. मुलगी दारातच थांबली, रंगांच्या पट्ट्या बघत. मास्तर लगबगीने तिच्याकडे गेला.

"तुझी शप्पथ, दर महिन्याला कापतात गं."

"आधी पण शप्पथच घ्यायचात," मुलगी म्हणाली. पट्ट्यांवरून नजर न काढता.

इकडे आई शेठना विचारत होती. "शेठ, याचा पगार कापता का?"

"कापतो ना ताई! विचारा त्याला. एक महिना चुकवला नाही."

"भरता का?"

शेठनी मला ओढलं. घंटी वाजली. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. त्यांनी उगाच चिल्लर चाळली आणि म्हणाले, "चालू आहे. होईल."

"घरभाडं थकलंय म्हणून मालकाने आमचं सामान जिन्यात काढून ठेवलंय," बाई म्हणाली. "पोरगी जिन्यात बसून अभ्यास करते. तुमचं होईल कधी?"

"ताई, रागावू नका. चहा मागवू?"

बाईने मास्तरकडे पाहिलं. तिच्या नजरेत त्याच्याबद्दल राग नव्हता. थोडी कीव होती. "तुला अजून कळलं नाही का रे?" एवढंच म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली. मास्तरला खरंच कळलं नव्हतं. तो शेठनाच म्हणाला, "बघितलंत ना? ही अशी आहे."

बाई तिथून कोर्टाच्या कार्यालयात गेली असणार. कारण नंतर कोर्टाचा बेलिफ आला. बारीक, घामेजलेला माणूस, हातात कागद. आजवर या दुकानाने एक पैसाही भरलेला नाही, असं त्याने मोठ्याने वाचलं. सगळी थकबाकी आणि वर दंड, शेठच्या स्वतःच्या खिशातून. नाहीतर माल उचलायचा.

"गल्ला उघडा."

शेठनी उघडला. घंटी वाजली. बेलिफने पुढचे कप्पे पाहिले, मग मागचं झाकण उचललं. आत रबरबँड होते आणि बोट ओलं करायचा वाळलेला स्पंज. मास्तर तिथेच उभा होता, हातात उघडा डबा. डबा तिरका झाला होता आणि निळा रंग त्याच्या चपलेवर गळत होता. त्याला पत्ता नव्हता.

"मास्तर, तुला तर धंदा माहीतच आहे," शेठ म्हणाले. "फिरवाफिरवी असते. मी काय खाल्ले नाहीत."

मग त्यांनी मेव्हण्याला एक फोन केला. जेवणाच्या वेळेपर्यंत मेव्हणा पैसे घेऊन आला. सगळे. दंडासकट. बेलिफने मोजले, पावती फाडली आणि चहा न घेता गेला.

मास्तरने चपलेवरचा निळा रंग पुसला. मग म्हणाला, "एका फोनवर, शेठ?"

शेठनी कपड्याने काउंटर पुसला.

तुम्हाला वाटेल, मास्तरने त्या दिवशी नोकरी सोडली असेल. कुठे जाणार? पगारावर कोर्टाची कात्री असलेला माणूस कोण कामाला ठेवतं? तो तिथेच राहिला, रंग मिसळत. शेठ आता दर महिन्याला वेळेवर भरतात आणि पावतीची प्रत मास्तरच्या हातात अशी ठेवतात जणू बक्षीस देतायत.

थकबाकीची पहिली मोठी पावती मास्तरने घडी करून खिशात ठेवली आणि मुलीला निरोप पाठवला. ती शाळा सुटल्यावर आली, दप्तरासकट. त्याने कागद पुढे केला. तिने तो नीट वाचला, खालच्या तारखेपर्यंत.

"म्हणजे खरंच कापत होते."

"तेच तर सांगत होतो ना मी!" मास्तरच्या आवाजात इतका आनंद होता की शेठनी मान खाली घातली.

मुलीने कागदाची घडी घातली. "तुम्ही काहीच देत नव्हतात तेव्हा म्हणायचात, देतोय, शप्पथ. मग कापायला लागले तेव्हाही म्हणालात, देतोय, शप्पथ. तेच शब्द. चेहरा पण तोच. मी कसं ओळखायचं, बाबा?"

एका नजरेत शंभर छटा ओळखणारा माणूस. तो यंत्राची बटणं उगाच पुसायला लागला.

"आईने नवीन खोली घेतलीय, लांब आहे," ती म्हणाली. "पैसे येतात आता, पैशांचं ठीक आहे. रविवारी मी नाही येणार." कागद तिने काउंटरवर ठेवला, माझ्या डोक्यावर. आणि गेली. मागोमाग एक गिऱ्हाईक आलं, हातात प्लास्टरचा टवका घेऊन. मास्तरने तो घेतला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

शेठनी पुढे माझ्या जागी बिलं काढणारं, पैसे ठेवणारं यंत्र आणलं. म्हणाले, कोर्टाच्या माणसाने हात घातलेल्या गल्ल्याला बरकत नसते. दोष माझा ठरला! मला गोदामात टाकलं. पडताना घंटी तुटली. आता माझ्या कप्प्यांत कडक झालेले ब्रश आहेत.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या हातात कुणाच्या लेकराचे पैसे असतील, तर आजच पोचते करा. आमच्यासारख्यांत ठेवू नका. आमचं झाकण कुणालाही उघडतं, आणि आम्हाला ओरडता येत नाही.

रविवारी दुकान बंद असतं. तरी मास्तर किल्ली घेऊन गोदामात येतो. शेठना वाटतं, डबे लावायला. तो एका पालथ्या डब्यावर बसतो, धुतलेला शर्ट घालून, वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसायचा तेवढा वेळ. मग उठतो, कुलूप लावतो आणि जातो.

आत्ता बाहेर किल्लीचा आवाज झाला. रविवार असणार.